कागदातला पाऊस

हातात आलेला कोणताही कागद काका आधी उजेडाकडे धरायचे. त्यावर काय लिहिलंय ते नंतर.

लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर भजी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा असो. एक डोळा बारीक करायचा, कागद खिडकीकडे उचलायचा, नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचा आणि मग निकाल द्यायचा. "लगदा नीट कुटला नाही." किंवा, "हा बांबूचा. बघा कसा बोलून राहिला."

माझ्या मुलीनं एकदा मोठ्या उत्साहानं दहावीची गुणपत्रिका त्यांच्या हातात दिली. काकांनी ती उजेडात धरली, टिचकी मारली, पुन्हा धरली आणि म्हणाले, "एकदम छान." मुलगी खूश झाली. मग काका म्हणाले, "कागद म्हणतो मी. मार्कांचं मला काय समजतं, बेटा?"

शेजारच्या घरी मुलीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलाची माहिती छापलेला कागद मुलीच्या वडिलांनी कौतुकानं काकांना दाखवला. काकांनी सवयीप्रमाणे निकाल दिला, "वरून चकचकीत आहे, आतून भुसभुशीत." वडिलांचा चेहरा उतरला. ते कागदाबद्दल बोलताहेत हे समजावून सांगायला गल्लीतल्या चार जणांना मध्ये पडावं लागलं. लग्न झालं, सुखाचं झालं. पण त्या जावयाला आमच्या गल्लीत अजून 'भुसभुशीत' म्हणतात, आणि ते का हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एकाच गोष्टीत आयुष्य घातलेली, आणि त्या एका गोष्टीतून सगळ्या जगाकडे बघणारी. काका मूळचे यावलकडचे. तरुणपणी पोटासाठी इकडे मध्य प्रदेशात आले आणि एका कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. तयार कागद फाडून, भिजवून, घडी घालून तो किती टिकतो हे बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते बुऱ्हाणपूरला आले आणि लालबागमध्ये आमच्या समोरच्या घरात वरच्या दोन खोल्यांत राहू लागले. बायको आधीच गेली होती. एकुलती एक लेक भुसावळला दिलेली. मी इथल्या मराठी शाळेत मास्तर. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसत. "काय वाचून राहिले, सर?" असं विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत पुस्तकाचं पान बोटांत धरून चोळून बघत.

त्यांच्या खोलीत खिडकीच्या गजाला दोन दोऱ्यांनी एक कागद टांगलेला होता. गोल, ताटलीएवढा. पहिल्यांदा मी तो दुपारी खालून, अंगणातून पाहिला तेव्हा मला वाटलं, धुतलेला रुमाल वाळत घातलाय.

वर गेल्यावर जवळून पाहिलं. पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं. एक टेकडी, तिच्या कडेनं गेलेला रस्ता, तारांचे तीन खांब, आणि घर म्हणजे नुसता एक त्रिकोण. चौथीतल्या मुलानं काढावं तसं. मी तसं म्हणालोही. काका हसले. त्यांनी मला खिडकीपासून दूर उभं केलं आणि म्हणाले, "आता इथून बघा. बाहेरचा उजेड मागे येऊ द्या."

आणि त्या टेकडीवर पाऊस पडत होता.

तिरप्या, उजळ, केसासारख्या बारीक रेघा. त्या कागदावर नव्हत्या, कागदाच्या आत होत्या. नोट उजेडात धरली की जसा आतला चेहरा दिसतो, तशा. उजेड मागे असला की त्या दिसायच्या, नसला की कोरी टेकडी.

"हा अमेरिकेतला पाऊस आहे, सर," काका म्हणाले.

मग त्यांनी हकिगत सांगितली. कारखान्यात एक नवीन यंत्र आलं होतं आणि ते जोडायला एक अमेरिकन इंजिनिअर आला होता. आठ दिवस राहिला. जेवणाच्या सुट्टीत तो एक जाडजूड पुस्तक उघडून बसायचा. त्याच्या देशातल्या एका चित्रकाराची चित्रं होती त्यात. नाव काकांना कधीच नीट ऐकू आलं नाही. एका पानावर काळ्या शाईतलं एक चित्र होतं. टेकडी, रस्ता, खांब, त्रिकोणाचं घर. सगळं काळंकुट्ट, आणि त्यातून आरपार गेलेल्या तिरप्या पांढऱ्या फटी.

"मी बघतच राहिलो. मला वाटलं, यानं पाऊस काढला कसा? तर काढलाच नव्हता! बाकी सगळं काढलं होतं आणि पावसापुरता कागद सोडून दिला होता. आमच्या इथं सगळे कागदावर काय छापलं ते बघतात. हा पहिला माणूस भेटला, सर, ज्यानं कागदाला पण काम दिलं."

काकांनी त्या साहेबाला खुणेनंच विचारून पातळ कागद वर ठेवून चित्र गिरवून घेतलं. साहेब गेला. पण काकांच्या डोक्यातून तो पाऊस जाईना. प्रयोगशाळेत लगदा तपासायला जाळीवर गोल कागद बनवतात. काकांनी सुट्टीच्या वेळात एका जुन्या जाळीवर तांब्याच्या बारीक तारा तिरप्या शिवल्या. तार असते तिथं लगदा पातळ बसतो, म्हणून उजेडात तिथं रेघ दिसते. वीसेक कागद बिघडले. कुठं तारा सुटल्या, कुठं कागद फाटला. एकच साधला. त्याच वर्षी ती जुनी जाळी भंगारात गेली.

"एकच आहे," काका म्हणाले होते. हे मी ऐकलं होतं. मी ऐकलं नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आमच्या शाळेनं एका श्रावणात पावसावर चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, आणि काम माझ्याकडे आलं. मुलांची चित्रं कशी असतात तुम्हाला माहीत आहे. छत्री, बेडूक, होडी, छत्री. पाहुणे येणार होते, वर्तमानपत्रवाले येणार होते. मला वाटलं, काहीतरी वेगळं हवं. अमेरिकन चित्रावरून केलेलं, बुऱ्हाणपुरात कोणाकडे नसलेलं. खरं सांगायचं तर, 'सर, हे तुम्ही कुठून मिळवलंत?' असं चार लोकांनी मला विचारावं, असं वाटत होतं.

काकांनी क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. दोऱ्या सोडल्या, कागद दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवला आणि माझ्या हातात दिला. फक्त म्हणाले, "मी काय म्हणतो सर, कशाला चिकटवू नका. खिडकीत टांगा. बाकी काही नाही."

"काळजीच नको, काका," मी म्हणालो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी सभागृहात तो टांगून पाहिला. खिडकी पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या मागे होती. वाऱ्यानं कागद गरगर फिरत होता. कडा वळल्या होत्या. मुलांची चित्रं चौकटीत चकाचक, आणि त्यांच्यात हा कागद दोऱ्यावर लोंबतोय. मुख्याध्यापक येऊन म्हणाले, "हे काय लावलंय? जरा नीटनेटकं करा ना."

मी तो घेऊन गावातल्या शनवारा भागात गेलो. तिथं झेरॉक्स आणि फोटो लॅमिनेशनचं एक दुकान आहे. शाळेची सगळी कामं तिथंच होतात. दुकानदार चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं कागद हातात घेतला आणि विचारलं, "सर, इसको पीछे बोर्ड लगाऊँ क्या? एक बार चिपक गया तो निकलेगा नहीं, देख लो।"

त्यानं विचारलं होतं. देख लो, असं म्हणालाही होता. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "लगा दो। कल सुबह चाहिए।"

दुसऱ्या दिवशी तो गोल कागद एका जाड बोर्डावर घट्ट बसला होता, वरून चमकदार प्लास्टिक. भिंतीवर फार शोभून दिसत होता. खाली मी सुंदर अक्षरात माहिती लिहून लावली होती: 'अमेरिकन चित्रशैलीतील पाऊस.' पाहुणे समोर थांबले. म्हणाले, "वा. पण पाऊस कुठं आहे यात?" सगळे हसले. मीही हसलो.

काका अकरा वाजता आले. इस्त्रीचा सदरा, केस पाण्यानं बसवलेले. मला दुरून हात केला आणि खिडक्या बघत निघाले. पहिली खिडकी, दुसरी, तिसरी. ते खिडक्यांमध्ये शोधताहेत हे माझ्या लक्षात आलं.

मग त्यांना ते भिंतीवर दिसलं. जवळ गेले, खिळ्यावरून काढलं, उलटं करून मागचा बोर्ड पाहिला. त्यावरून अंगठा फिरवला. तरीही ते खिडकीशी गेले आणि सवयीनं उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरून उभे राहिले.

मी त्यांच्या मागे जाऊन उभा होतो. त्यांनी मला काहीही विचारलं नव्हतं. मीच बोललो. "काका, त्या दुकानदारानं घोळ केला हो. मी फक्त फोटोकॉपी काढायला दिला होता. त्यानं परस्पर बोर्ड लावून टाकला."

वाक्य इतकं सफाईनं आलं की मलाच नवल वाटलं.

काका म्हणाले, "असं का." मग बोर्ड खाली घेऊन म्हणाले, "पेन्सिलीच्या रेघा तिच्या होत्या, सर."

"कोणाच्या?"

"आमच्या मंडळींच्या. मला कुठं चित्र काढता येतं? कागद मी केला, आणि गिरवलेल्या चित्रावरून टेकडी तिनं काढली. तिचा हात रांगोळीचा. त्या खांबांना तीन दिवस लावले तिनं."

इतकी वर्षं मी त्यांना अमेरिकन साहेबाबद्दल विचारत होतो, जाळीबद्दल विचारत होतो. चित्र कोणी काढलं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी बोर्ड घरी नेला. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ते वाटीत पाणी घेऊन, वरचं प्लास्टिक थोडं सोलून, बारक्या ब्रशनं कागदाची एक कड ओली करत बसले होते. नखाएवढा कागद सुटून आला, त्याबरोबर रस्त्याचं टोक तुटून आलं. काकांनी ब्रश वाटीत ठेवून दिला. "निघणार नाही," म्हणाले. "डिंक चांगला वापरलाय त्यानं." आयुष्यभर कागद तपासलेल्या माणसाचा तो निकाल होता.

त्यानंतर ते रोज पूर्वीसारखेच ओट्यावर येत राहिले. माझ्या बायकोनं केलेला चहा पीत, मुलीच्या वह्या चोळून बघत. माझ्याशी बोलण्यात तसूभरही फरक नाही. काही दिवस मला धाकधूक होती की ते शनवाऱ्याला जाऊन त्या दुकानदाराला जाब विचारतील. तसं काही कानावर आलं नाही. हळूहळू माझी धास्ती गेली. आपल्याला किती लवकर बरं वाटू लागतं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

एकदा, त्याच वर्षी दिवाळीनंतर, आम्ही दोघं राजघाटावर फिरायला गेलो होतो. तापीचं पाणी उतरलं होतं, पायऱ्यांवर गाळ वाळून त्याच्या पापड्या झाल्या होत्या. काका एक पापडी बोटानं उचलत होते आणि खाली ठेवत होते. मध्येच म्हणाले, "सर, तुम्हाला काही सांगायचं होतं का मला?"

"नाही. का?"

"काही नाही. मला वाटलं."

मग त्यांनी केळीच्या सोपटापासून, म्हणजे खोडाच्या सालींपासून, कागद कसा करतात ते सांगायला सुरुवात केली. आमच्या भागात केळी भरपूर, तरी कोणी करत नाही, म्हणाले. मी फार लक्ष देऊन ऐकत असल्यासारखं केलं.

पुढच्या वर्षी त्यांचे पाय सुजू लागले, जिना चढवेना. लेक येऊन त्यांना भुसावळला घेऊन गेली. सामान म्हणजे दोन पेट्या आणि तो बोर्ड. स्टेशनवर मी बोर्ड हातात धरून उभा होतो. गाडी आल्यावर त्यांच्याकडे दिला. आमचं लालबागचं स्टेशन, गाडी दोन मिनिटं थांबते. दोन मिनिटांत खूप काही सांगता येतं. मी म्हणालो, "औषधं वेळेवर घ्या."

ते गेल्यावर महिन्याभरानं मी शाळेचे कागद घेऊन त्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "वो कागजवाले चाचा कहाँ गये? दिखते नहीं।"

"तुम उन्हें जानते हो?"

तो मशीनचं झाकण लावत म्हणाला, "आये थे ना, उस समय। पूछे, भैया, बोर्ड तुमने अपने मन से लगाया क्या? मैंने कहा, नहीं चाचा, सर ने बोला तब लगाया। पूछ के लगाया। तो बोले, अच्छा, ठीक है। फिर यहीं बैठ गये। पानी पिया। बाद में भी आते रहते थे, कभी-कभी।" मग माझ्याकडे बघून किंचित हसला. "आपने मेरा नाम लगा दिया था, सर।"

मी काय केलं असेल? मीही हसलो. "अरे, वो तो ऐसे ही, जल्दी में..." म्हणालो आणि झेरॉक्स घेऊन निघालो. रस्त्यावर आल्यावर मला कळलं की राजघाटावर काकांना सगळं माहीत होतं. ओट्यावरच्या प्रत्येक चहाच्या वेळी माहीत होतं.

भुसावळ आमच्यापासून दीड तासावर आहे. मला जायला पाच महिने लागले.

काका दाराजवळच्या खाटेवर पडून होते. खूप वाळले होते, फक्त पाय तेवढे सुजलेले. भिंतीवर बायकोचा फोटो, त्याच्या शेजारी तो बोर्ड. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला, आणि त्यामुळे मला बोलणं आणखी अवघड झालं. लेक चहा करायला आत गेल्यावर मी म्हणालो, "काका, तो बोर्ड मीच लावायला सांगितला होता. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"हो," काका म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं. मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो." ते थोडा वेळ दम खात पडून राहिले. "चित्राचं सोडा, सर. तुम्ही काय मुद्दाम केलं? तुम्हाला चांगलं दिसावं वाटलं, तेवढंच. पण त्या माणसाचं नाव घेतलं तुम्ही. मी त्याच्याकडे भांडायला म्हणून गेलो होतो. त्याच्या बायकोसमोर, गिऱ्हाइकांसमोर बोललो असतो मी त्याला. त्याला सांगितलं का तुम्ही?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते.

"हो," मी म्हणालो. "गेलो होतो. माफी मागितली मी त्याची."

"मग झालं," काका म्हणाले आणि डोळे मिटून पडले. चेहरा शांत झाला होता.

परतीच्या गाडीत मी स्वतःला सांगत होतो की आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून आपण तसं म्हणालो. रावेर येईपर्यंत मला ते पटलंही होतं. आता ते खरंच करून टाकू, उद्याच शनवाऱ्याला जाऊ, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षेचं काम निघालं. मग पेपर तपासायचे आले. मग मी झेरॉक्स काढायला दुसऱ्या दुकानात जाऊ लागलो.

जूनमध्ये लेकीचा फोन आला. मी भुसावळला गेलो, खांदा दिला. परत आलो, आणि दहावा झाल्यावर शनवाऱ्याला गेलो.

दुकानात गर्दी नव्हती. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. "भैया, वो बोर्ड वाली बात। मैंने चाचा से झूठ बोला था, आपका नाम लिया था। गलती मेरी थी। मुझे माफ करो।"

दुकानदारानं मशीन बंद केलं. म्हणाला, "सर, वो तो आप माँग चुके।"

"मतलब?"

"चाचा का फोन आया था। होली के आसपास। पूछ रहे थे, सर आये थे क्या तुम्हारे पास माफी माँगने? मैंने बोल दिया, हाँ चाचा, आये थे। चाय भी पिलाई मुझे।"

मी विचारलं, "ऐसा क्यों बोला?"

"आवाज बहुत कमजोर थी उनकी, सर। ना कैसे बोलता?" त्यानं काउंटरवरचे कागद उगाच सारखे केले. "कैसे हैं अब?"

मी सांगितलं. तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "अब आ ही गये हो, तो चाय पिला दो, सर। मेरी बात तो सच्ची हो जाये।"

मी समोरच्या टपरीवर दोन चहा सांगून आलो. मला एकच विचारायचं होतं, ते शेवटी विचारलं. "फिर चाचा क्या बोले, फोन पे?"

"कुछ नहीं बोले," तो म्हणाला. "हँसे। खाँसी आयी, फिर भी हँसते रहे।"

आपल्या सरांनी एकदाचं केलं म्हणून ते हसले, की आमचा दोघांचाही खोटेपणा ओळखून हसले, हे मला सांगणारं आता कोणी नाही. चहा आला. मी एक पेला उचलून आधी त्याच्यापुढे धरला.